सही कोणाची, जीव कोणाचा
(हिंगणा येथील तालुका बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



बैठकीच्या पत्रकावर आजचा विषय 'गावच्या वीज ठेकेदाराचा परवाना, खर्च आणि बाजार' असा छापला आहे. तो वाचून दोघातिघांनी आम्हाला फोन केले. कापसाचे बोला, संत्र्याच्या गळीचे बोला, हे ठेकेदाराचे काय मध्येच काढले? त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. ठेकेदार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पांढरी गाडी येते आणि गाडीत कोणा पुढाऱ्याचा साळा बसलेला दिसतो. त्याची वकिली करायला आम्ही उभे राहिलेलो नाही. त्याच्याकडे वकील भरपूर आहेत.

आम्ही ज्याच्याबद्दल बोलणार आहोत तो याच मंडपात, मागच्या बाजूला बसलेला आहे. त्याच्या मोटारसायकलला पिशवी अडकवलेली असते. पिशवीत पक्कड, टेस्टर, चिकटपट्टी आणि दोन-चार किटकॅट फ्यूज. बापाच्या नावावर तीन एकर वावर. दोन भाऊ. शेतीत दोघांचे पोट भरत नाही म्हणून एकाने आयटीआय केले, तारतंत्री झाला. हिंगणा तालुक्यात असे घर शोधायला लांब जावे लागत नाही. इथून नागपूरकडे निघालो की वानाडोंगरी लागते, पुढे एमआयडीसी, ट्रॅक्टरचा कारखाना, आणि २०२० पासून लोकमान्य नगरपर्यंत आलेली मेट्रो. इथून उलट्या बाजूला कान्होलीबाऱ्याकडे गेलो की पऱ्हाटी, तूर आणि संत्र्याच्या बागा. या दोन्हींच्या मध्ये आपली पोरे उभी आहेत. सकाळी धुऱ्यावर, दुपारी डीपीवर, संध्याकाळी कोणाच्या तरी फ्लॅटची वायरिंग करताना. वीजेचे काम हा या तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरातला दुसरा धंदा आहे, आणि पहिल्या धंद्याला जी दुखणी आहेत तीच याही धंद्याला लागलेली आहेत. म्हणून हा विषय आपला.

आधी कायद्याचे बोलू. १९५६ सालचे भारतीय वीज नियम होते. त्यातला ४५ वा नियम सांगत होता की दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलणे अशी किरकोळ कामे सोडली तर वीजेच्या मांडणीचे कोणतेही काम सरकारने परवाना दिलेल्या ठेकेदारानेच करावे. त्यावर प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाची प्रत्यक्ष देखरेख असावी. आणि हात लावणारा माणूसही परवानाधारक असावा. पुढे २००३ चा वीज कायदा आला, २०१० साली केंद्रीय वीज प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम आले, २०२३ साली तेही बदलून नवे आले. ही अट मात्र जागची हलली नाही. आपल्या राज्यात परीक्षा, प्रमाणपत्रे आणि परवाने ही कामे विद्युत निरीक्षकांच्या खात्याशी जोडलेल्या अनुज्ञापक मंडळाकडे आहेत. ठेकेदाराचा परवाना पाहिजे तर पदरी पर्यवेक्षक पाहिजे, तारतंत्री पाहिजे, मेगर आणि अर्थिंग मोजायचे यंत्र पाहिजे, कार्यालयाचा पत्ता पाहिजे, आणि मुदत संपली की नूतनीकरण पाहिजे.

वाचायला हे सारे चोख आहे. आता आपल्या वावरात काय घडते ते बघा. तुम्ही विहिरीवर मोटरसाठी अर्ज करता. कोटेशन भरता. जोडणीच्या आधी चाचणी अहवाल लागतो, म्हणजे परवानाधारक ठेकेदाराने सही करून द्यायचे, की मी या शेतकऱ्याची मांडणी तपासली, ५०० व्होल्टचा दाब मिनिटभर देऊन तारांचे आवरण मोजले, ते किमान एक मेगओहम भरले, अर्थिंग ठीक आहे. इथे बसलेल्यांपैकी ज्यांच्याकडे मोटर आहे त्यांनी हात वर करा. बरे. आता ज्यांच्या वावरात ती जोडणी देताना कोणी मेगर घेऊन आलेला पाहिला, त्यांनी वर ठेवा.

(सभेत हशा.)

हसू नका. अहवाल मात्र सगळ्यांच्या फाइलीत आहे. त्यावर आकडे आहेत, शिक्का आहे, सही आहे. काम केले आपल्या गावच्या पोराने, सही केली त्याने कधी न पाहिलेल्या माणसाने, आणि सहीचे पैसे भरले तुम्ही. सही करणाऱ्याने वावर पाहिले नाही, विहीर पाहिली नाही, ती पऱ्हाटीत आहे की बागेत हेही त्याला माहीत नाही.

ही सही विकायची पद्धत आम्हाला कोणी समजावून सांगावी लागत नाही, कारण आमच्याही सहीला एकदा गिऱ्हाईक आले होते. आमची पदवी कृषीची. २०१५ साली केंद्र सरकारने नियम बदलला की कीटकनाशकांच्या दुकानात कृषीची किंवा रसायनशास्त्राची पदवी असलेला माणूस पाहिजे. उद्देश चांगला. शेतकरी औषध मागायला आला तर कोणते, किती, कसे फवारायचे हे सांगणारा जाणता माणूस काउंटरवर असावा. नियम निघाल्यानंतर थोड्याच दिवसांत एक दुकानदार घरी आला. नाव सांगत नाही. म्हणाला, "साहेब, तुमचं सर्टिफिकेट फक्त भिंतीले टांगाचं हाये. तुमाले याचंबी काम नाई. म्हैन्याचे म्हैने पैसे पोचते." आम्ही नाही म्हटले, त्यात काही मोठेपणा नाही, तेव्हा दुसरीकडे पगार चालू होता. त्याला दुसऱ्या कोणाचे तरी प्रमाणपत्र मिळाले. मग २०१७ चा पावसाळा आला. यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर विषबाधेने मेले. त्या वेळी भिंतीवर टांगलेल्या पदव्यांनी कोणाला काही सांगितले का? आम्ही नोकरी सोडून या कामात आलो त्याला जी कारणे झाली, त्यात ते वर्ष एक आहे.

आता वीजेकडे परत येऊ. दुसऱ्या एका तालुक्यातली गोष्ट आहे. गावाचे नाव सांगत नाही, कारण त्या घरच्यांची अजून भांडायची तयारी नाही. झिरो वायरमन म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. कागदावर जो कोणीच नाही आणि खांबावर जो नेहमी असतो, तो. असाच एक पोरगा होता, पंचविशीतला. पावसाने डीपीचा डिओ उडाला. ज्याने चढायचे तो खाली उभा होता आणि जो कोणीच नव्हता तो वर चढला. लाइन बंद आहे असे फोनवर सांगितले गेले होते. कोणी सांगितले, कोणाला सांगितले, यावर नंतर खूप बोलणे झाले. पोरगा जगला. उजवा हात कोपरापासून गेला. आम्ही त्याच्याबरोबर कागद जमवायला फिरलो. कामगाराला नुकसानभरपाई मिळावी असा कायदा या देशात १९२३ सालापासून झालेला आहे. पण त्यासाठी तुम्ही कामगार असावे लागता. हा कोणाचा कामगार? हजेरीत नाव नाही. ठेकेदाराच्या कागदावर जे तारतंत्री दाखवले होते ते वेगळेच. ज्याचा परवाना लावून त्या भागातले काम चालले होते त्या गृहस्थाला आम्ही गाठले. म्हातारा माणूस होता, बोलायला सरळ. म्हणाला, "मी फक्त सही देतो. कामाचं मला काही माहीत नाही." खोटे बोलत नव्हता.

देशात वीजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून जास्त माणसे मरतात. गुन्हे नोंदणीच्या सरकारी अहवालातला हा आकडा आहे. ही माणसे परवान्याची पद्धत असताना मेली आहेत.

आता तुम्ही म्हणाल, मग सरळ सांगा ना, परवाना नको. आपण परवाना-परमिटच्या विरोधात बोलणारी माणसे. १९९१ साली कारखान्यांचे परवाने गेले, शेतीच्या पायातले दोर तसेच राहिले, हे आपण किती वर्षे ओरडून सांगत आलो. मग इथे वेगळा न्याय का? भावांनो, या प्रश्नावर आम्ही पुष्कळ डोके खाजवले आहे. कापूस कोणी पिकवावा, कोणाला विकावा, कुठे विकावा, यात सरकारने परवाना मागण्याचे कारण नाही. चूक झाली तर ज्याचे त्याचे नुकसान. वीजेचे तसे नाही. तुमच्या विहिरीवरचे अर्थिंग खराब असेल तर मरेल तुमच्याकडे ओलिताला आलेला सालगडी, नाहीतर धुऱ्यावर चरायला आलेली शेजाऱ्याची गाय. ज्याने काम करून घेतले आणि ज्याने केले ते दोघेही शाबूत राहतात. अशा ठिकाणी, काम करणाऱ्याला काम येते की नाही हे कोणीतरी तपासावे, याला आमचा विरोध नाही. आमचा विरोध आहे तो तपासायचे सोडून फाटकावर माणूस बसवण्याला. काम येते का, हे विचारणारी परीक्षा पाहिजे. तुझ्याकडे कार्यालय आहे का, पगारी पर्यवेक्षक ठेवण्याइतका पैसा आहे का, हे विचारणारी अट ज्ञान तपासत नाही. ती खिसा तपासते. ज्याच्याकडे खिसा आहे त्याला परवाना मिळतो, ज्याच्याकडे हात आहे तो झिरो राहतो, आणि मग खिशाने हाताला सही विकायची. एवढाच हा धंदा आहे.

इथे आम्हाला आपल्या पोरांचेही दोन कान धरायचे आहेत. दहा वर्षे काम करणारे, अंधारातसुद्धा फेज ओळखणारे पोरगे परीक्षेचा अर्ज का भरत नाही? काहींना माहीतच नाही. काहींना वाटते इंग्रजीत विचारतील. काही म्हणतात, काम तर चालूच आहे, कागद कशाला? आणि आयटीआय झालेले काही आहेत, ज्यांना परवाना मिळण्यासारखा आहे, पण जातीच्या दाखल्यासारखा तो पेटीत ठेवून देतात. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा न घालता नुसता पाइप ठोकून येणारेही आपल्यात आहेत. शेतकऱ्याने पैसे कमी दिले म्हणून असे केले, असे सांगतात. शेतकऱ्यानेही ते कमीच दिलेले असतात. मोटर जळू नये म्हणून चांगला स्टार्टर घेणारा माणूस अर्थिंगच्या तारेवर दोनशे रुपये वाचवतो, हे आम्ही बघितले आहे. आमच्या घरीही झाले आहे.

आता बाजाराचे बोलू, कारण परवाना मिळाला की दुखणे संपले असे नाही. समजा आपल्या पोराने जिद्दीने सारे केले. परीक्षा दिली, परवाना काढला, जीएसटी क्रमांक घेतला. सेवेचा धंदा वीस लाखांच्या आत असेल तर तो क्रमांक घेण्याची सक्ती नाही, पण क्रमांकाशिवाय सरकारी कामात कोणी दारात उभे करत नाही. मग त्याने एका सरकारी कामाची निविदा भरली.

आपण शेतमालाचा उत्पादन खर्च काढतो तसा याचाही काढून पाहू. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. तुम्ही आपापले घालून बघा. जीएसटी बाजूला ठेवू. समजा अंदाजपत्रक दहा लाखांचे. स्पर्धेत वीस टक्के खाली जाऊन त्याने ते आठ लाखांत घेतले. सामान लागले साडेपाच लाखांचे, मजुरी गेली एक लाख वीस हजार. उरले एक लाख तीस हजार. चांगले वाटते. पण सामान उधार आणले आहे, आणि नागपूरचा दुकानदार उधारीवर महिन्याला दोन टक्के लावतो. बिल निघाले आठ महिन्यांनी. साडेपाच लाखांवर आठ महिन्यांचे व्याज झाले अठ्ठ्याऐंशी हजार. उरले बेचाळीस हजार. बांधकाम कामगार उपकर एक टक्का, आठ हजार, उरले चौतीस. त्यातून पाच टक्के अनामत रोखून ठेवली, चाळीस हजार, ती वर्षा-दोन वर्षांनी परत. आयकराची कपात एक टक्का, जीएसटीची कपात दोन टक्के, मिळून चोवीस हजार. ते विवरणपत्र भरल्यावर केव्हातरी हिशेबात येणार. म्हणजे कागदावर चौतीस हजारांचा नफा, आणि आज हातात? तीस हजार घरचे घालायचे. आणि यात त्याचे पेट्रोल धरलेले नाही, पर्यवेक्षकाचा पगार नाही, नूतनीकरणाचा खर्च नाही, आणि तो स्वतः आठ महिने राबला त्याचा एक पैसाही नाही.

घरच्यांची मेहनत खर्चात न धरणे, हे कुठे ऐकल्यासारखे वाटते का? कृषिमूल्य आयोगाच्या तक्त्यांवर भांडण्यात आपली हयात गेली. ए-टू, एफ-एल, सी-टू हे शब्द आपल्या म्हाताऱ्यांना पाठ झाले. शेतकऱ्याच्या पोराने धंदा बदलला, हिशेबाची पद्धत तीच राहिली.

मग प्रश्न येतो, की तो वीस टक्के खाली जातोच कशाला? कोणी सांगितले होते? हाच प्रश्न शहरातली शहाणी माणसे आपल्याला विचारतात, की परवडत नाही तर कापूस लावता कशाला. उत्तरही तेच. दुसरे गिऱ्हाईक नाही. लाइनचे, खांबाचे, रोहित्राचे काम पाहिजे तर घेणारा एकच. वीज मंडळाचे २००५ साली चार तुकडे झाले, वाटपाचे काम महावितरणकडे आले. नागपूर शहराच्या मोठ्या भागात २०११ ते २०१९ खाजगी फ्रँचायझी होती, तीही गेली. पाटी बदलत राहिली, पण ठेकेदाराला त्या त्या भागात काम देणारा दरवेळी एकटाच. आपल्या विदर्भाला हे शिकवायला नको. १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी आपण सोसली आहे. घेणारा एक असला की भाव तो ठरवतो, प्रत तो ठरवतो आणि चुकारा केव्हा द्यायचा तेही तोच ठरवतो. चुकाऱ्यासाठी खेटे घालणारा बाप आणि बिलासाठी खेटे घालणारा मुलगा, एवढाच पिढीचा फरक पडला.

खर्चाची बाजू बघा. तार तांब्याची, आणि तांब्याचा भाव लंडनच्या बाजारात ठरतो. मे २०२४ मध्ये तो टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला. २०१८ साली तुतिकोरीनचा मोठा कारखाना बंद पडल्यापासून तर आपला देश तांबे बाहेरून आणणारा झाला आहे. तारेवर जीएसटी अठरा टक्के. पाण्याच्या मोटरपंपावर बारा होता, तो जुलै २०२२ मध्ये अठरा केला. सरकारी कामाच्या ठेक्यावरचाही त्याच सुमारास बारावरून अठरा झाला. निविदा भरली तेव्हाचा तांब्याचा भाव आणि सामान घेतले तेव्हाचा भाव यांत जो फरक पडेल तो छोट्या ठेकेदाराच्या अंगावर. मोठ्या कंपनीच्या करारात भाववाढीचे कलम असते. ती वर्षाचे सामान एकदम घेते आणि तिला बँक कर्ज देते.

खाजगी बाजारात थोडी मोकळीक आहे, नाही असे नाही. वानाडोंगरी, डिगडोह, निलडोह या पट्ट्यात घरे उठत आहेत. पॉइंटच्या हिशेबाने वायरिंगचे काम मिळते, पैसेही बरे सुटतात. पण बिल्डर सामान आपले आणतो आणि मजुरी घासून देतो. एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या देखभालीचे ठेके असतात, तिथे ज्याच्या नावावर कागद असतात तो नागपूरचा आणि पान्हा ज्याच्या हातात असतो तो हिंगण्याचा. पैसे थकले तर २००६ च्या लघुउद्योग कायद्यात पंचेचाळीस दिवसांची मर्यादा आहे, उशिराला चक्रवाढ व्याज आहे, दाद मागायला परिषद आहे. पण ज्याच्याकडून पुढचे काम पाहिजे त्याच्यावर दावा लावणारा ठेकेदार आम्हाला तरी अजून भेटायचा आहे.

सौर पंपाचे बोलल्याशिवाय आज बसता येणार नाही. २०१९ ची केंद्राची कुसुम योजना, २०२४ ची राज्याची मागेल त्याला सौर कृषी पंप. खुल्या गटातल्या शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच. अडीच एकरापर्यंत तीन अश्वशक्ती, पाचपर्यंत पाच, त्यावर साडेसात. दिवसा पाणी मिळते. रात्री बारा वाजता साप-विंचवातून मोटर चालू करायला जावे लागत नाही. ज्याने रात्रीचे ओलित केले आहे त्याला याची किंमत कळते, आणि आम्ही ती नाकारणार नाही. पण बसवणार कोण? सरकारने यादीत घेतलेल्या कंपन्यांपैकीच एक. शेतकऱ्याने यादीतून निवड करायची. त्या यादीत आपल्या तालुक्यातला पोरगा कुठे आहे? तो आहे, चौथ्या पायरीवर. कंपनीने एकाला दिले, त्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने खड्डे खोदायला आणि पाट्या बसवायला आपल्या पोराला रोजाने नेले.

आणि बिघाड झाला तर? पाच वर्षे दुरुस्तीची हमी आहे, उत्तम. पण कंट्रोलर बंद पडला तर उघडायचा नाही, नाहीतर हमी जाते. कंपनीला फोन करायचा आणि वाट बघायची. आता आम्ही कृषीचे माणूस म्हणून सांगतो. आंबिया बहाराची संत्री एप्रिल-मे महिन्यांत बोराएवढी-लिंबाएवढी असतात. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हात त्या वेळी पाणी तुटले तर फळ गळते. गळलेले फळ पुन्हा झाडाला लागत नाही. ज्या मेकॅनिकचे घर तुमच्या वावरापासून दोन किलोमीटरवर आहे तो बघून जातो, त्याला दोष कळतो, आणि तो हात लावू शकत नाही. कागदावरची हमी तुमच्या बागेला पाणी देत नाही. कंपन्यांनी हमीची दुरुस्ती तालुक्यातल्या परवानाधारक ठेकेदाराकडे सोपवली पाहिजे, त्याला त्यांनीच शिकवले पाहिजे, सुटे भाग त्याच्याकडे ठेवले पाहिजेत. मोटरसायकलच्या कंपन्यांना हे जमले. सौर पंपाला जमणार नाही असे मानायचे कारण आम्हाला दिसत नाही.

२०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंत वीजबिल माफ आहे, ते आणखी काही वर्षे चालणार असे सांगितले आहे. बिल नाही म्हणून आपला आवाज बसला आहे, असे आम्हाला वाटते. फुकटच्या वीजेबद्दल तक्रार कशी करायची, असे लोक विचारतात. आपली तक्रार वीजेच्या किमतीबद्दल नाही. आपल्या वावरातले काम कोणाकडून करून घ्यायचे, हे ठरवण्याचा हक्क आपला आहे, याबद्दल आहे. हा हक्क अगदी नाहीच असेही नाही. ग्राहकाने लाइनचे काम आपल्या पसंतीच्या परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्यायचे आणि कंपनीला फक्त १.३ टक्के पर्यवेक्षण आकार द्यायचा, ही सोय कितीतरी वर्षांपासून आहे. २०२० च्या कृषी पंप धोरणात, शेतकऱ्याने स्वखर्चाने उभारलेल्या सोयीचा परतावा बिलातून देण्याची भाषा होती. आता बिलच नाही, तर परतावा कशातून? हा प्रश्न विचारायला हवा, आणि तो लेखी विचारायला हवा.

आम्ही मागणार काय ते मोकळेपणाने सांगतो. तारतंत्री आणि पर्यवेक्षकाची परीक्षा मराठीत, हाताने काम करून दाखवण्याची, तालुक्याच्या आयटीआयमध्ये, वर्षातून दोनदा. ज्याने खांबावर आयुष्य काढले त्याचा अनुभव गावकऱ्यांच्या साक्षीने धरावा. एकट्याने काम करणाऱ्या पर्यवेक्षकाला मोटरपंप आणि घरापुरता छोटा परवाना मिळावा, त्यासाठी कार्यालयाची अट नको. चाचणी अहवालाची प्रत शेतकऱ्याला मिळावी आणि त्याच्या डोळ्यांसमोर मोजल्याशिवाय त्यावर त्याची सही घेऊ नये. बिल पंचेचाळीस दिवसांत, नाहीतर व्याज आपोआप, अर्ज न करता. अनुदान, कर्जमाफी, पॅकेज यांपैकी काही यात नाही. दिलेत तरी नको.

यातल्या काही गोष्टींना सरकार लागत नाही. तालुक्यातल्या आठ-दहा परवानाधारक पोरांनी मिळून एक मेगर आणि एक अर्थ टेस्टर घेतला तर तो सगळ्यांना पुरतो. सामान एकत्र घेतले तर उधारीचे दोन टक्के वाचतात. आणि वीस टक्के खाली कोणीच जायचे नाही, असे ठरवता येईल का? आम्हाला शंका आहे. कापसाच्या बाबतीत आपल्याला ते ठरवता आले नाही, यांच्या बाबतीत येईल असे आम्ही कसे म्हणावे? पण निदान प्रत्येकाने निविदा भरण्याआधी वर सांगितलेला हिशेब एकदा कागदावर मांडावा, व्याजासकट, स्वतःच्या मजुरीसकट.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला प्रत्येकाने आपल्या मोटरच्या जोडणीची फाइल आणायची आहे. चाचणी अहवालावर कोणाची सही आहे, किती आकडे सारखे आहेत, ते आपण सगळे मिळून मांडून पाहू. ज्या पोरांना परीक्षेचा अर्ज भरायचा आहे त्यांनी आयटीआयचे प्रमाणपत्र आणि दोन फोटो आणावेत. अर्ज इथेच बसून भरू. ज्यांची बिले थकली आहेत त्यांनी कामाचा आदेश आणि बिलाची तारीख तेवढी लिहून द्यावी, नाव नको असेल तर नको. कान्होलीबाऱ्याचे कार्यकर्ते दारापाशी वही घेऊन बसले आहेत, जाताना त्यांच्याकडे नोंद करून जा.